भुरीच्या तोंडचं

बुधवारी शाळेत यवतमाळहून पाहुणे आले होते. त्यांनी वाचनाच्या महत्त्वावर पाऊण तास भाषण केलं आणि शेवटी, पाहुणे विचारतात तसं, पुढच्या रांगेतल्या एका मुलीला विचारलं, "काय बेटा, कसं वाटलं?" ती चौथीतली पायल राठोड. वर्गात हजेरीलासुद्धा जिचा आवाज ऐकू येत नाही अशी. ती उभी राहिली, हनुवटी वर केली आणि खणखणीत म्हणाली, "सर, तुमाले भाषण झालं का गॅस झाल्ता?" सगळी शाळा हसली. पाहुणेही हसल्यासारखं करून घड्याळाकडे बघायला लागले. सत्यशीला तेवढी हसली नाही. चौथीची वर्गशिक्षिका म्हणून तिनं चिडायला हवं होतं, पण ती चिडलीही नाही. तिला त्या वाक्यातला 'तुमाले' ऐकू येत राहिला. तो जरा लांबवलेला, मग बारीकसा थांबा, आणि शेवटी नाकातून सोडलेला हसण्याचा फुसका आवाज. हे असं बोलणारं कोणीतरी तिला माहीत होतं. कोण, ते आठवेना. चिंचेचं सूत दातात अडकावं आणि दिवसभर जीभ तिथेच जात राहावी, तसं तिचं झालं. डबा खाताना, फळ्यावर भागाकार लिहिताना, मुलींच्या रांगा लावताना ती मनातल्या मनात 'तुमाले, तुमाले' म्हणून बघत होती, आणि प्रत्येक वेळी ते तिच्या तोंडून चुकीचं निघत होतं.

सुट्टीनंतर मुख्याध्यापक भगवानरावांनी तिला बोलावलं. "मॅडम, ह्या पोट्ट्यांचं मूळ सापडलं," ते म्हणाले. "मोबाईलवर एक कार्टून आहे. म्हशींचा मोहल्ला. नागपूरचे कोणी पोरं काढून राह्यले. लिहिलं आहे मोठ्या माणसांसाठी, पन कार्टून म्हटल्यावर पाहते कोण? पोट्टेच. त्यात एक बुढी म्हैस आहे, भुरी. लय घाण बोलते म्हणतात." शनिवारी त्यांनी पालकांची सभा ठेवली होती. सत्यशीलानं ते कार्टून नीट पाहायचं आणि मुलांनी ते पाहावं की नाही हे लिहून आणायचं, सभेत वाचून दाखवायचं. "तुमची भाषा शुद्ध. तुमचं मत कोनी मोडणार नाही." तिला बरं वाटलं. आर्णीत येऊन अकरा वर्षं झाली होती आणि तिच्या भाषेबद्दल कोणी बोललं की तिला अजून बरं वाटायचं, नवी साडी कोणाच्या नजरेत भरावी तसं. गावातून स्कूटी चालवत घरी येताना ती मनात अहवालाची वाक्यं जुळवत होती. सदर मालिका. बालमनावर होणारे परिणाम. वाक्यं छान जुळत होती.

घरी आल्यावर तिनं चहा ठेवला, वही घेतली, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पहिला भाग आठ मिनिटांचा होता. चित्रं ओबडधोबड, जाड रेघांची. एक उकिरडा, मागे नाला, चार म्हशी, त्यांचे वाकडे दात. भुरी चिखलातून उठली, कान झटकला आणि म्हणाली, "काहून वं बैताडे, सक्काळी सक्काळी बोचा वर करून कोनाले दाखवून राह्यली?" सत्यशीलानं वहीत 'बोचा' लिहिलं. मग पेन तसंच राहिलं. आवाज दीपाचा होता. तिच्या धाकट्या बहिणीचा, सहा वर्षांनी धाकट्या दीपाचा, जी नागपूरला 'आवाजाचं काम' करते असं सांगायची आणि सत्यशीलाला वाटायचं की हे जाहिरातींचं, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणांचं असं काहीतरी असेल. आवाज दीपाचा होता, पण दीपा नुसती वरची साल होती. आत दुसरं कोणी बोलत होतं. 'वं' म्हणताना घशात येणारी ती खरखर, 'दाखवून' म्हणताना दातांवर आपटणारी जीभ, आणि तो नाकातला फुसका आवाज. आई. चार वर्षांपूर्वी राजूरला वारलेली त्यांची आई त्या चिखलात उभी राहून शेपूट हलवत होती. चहा उतू गेला तेव्हा सत्यशीला उठली, गॅस बंद केला, परत येऊन बसली, आणि तिला कळलं की तिला रडू येत नाही आहे. छातीत काहीतरी चढत होतं खरं, पण ते रडू नव्हतं. आंबट होतं ते.

कारण आईचा हा आवाज तिला ओळखू आला, पण तो तिनं ऐकलेला नव्हता. निदान तिच्यासाठी काढलेला असा कधीच नाही. भिंतीपलीकडून, मोरीतून, शेजारच्या बायकांत बसलेल्या आईच्या पाठीकडून तिनं तो ऐकला होता, आणि ती दारात आली की तो बंद व्हायचा. राजूरच्या कोळसा खाणीत वडील कामाला होते. कॉलनीतल्या दोन खोल्या, भिंतीला टांगलेला वडिलांचा काळा पडलेला टॉवेल, बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली आईनं विणलेला रुमाल. सत्यशीला दहा वर्षांची झाली तेव्हा तिला यवतमाळला वसतिगृहात घातलं. पोरगी हुशार आहे, शिकली पाहिजे. पहिल्या दिवाळीला ती घरी आली. आई दारातूनच ओरडली, "आली वं माह्यी पोट्टी! तुले भूक लागली असन न?" आणि दहा वर्षांच्या सत्यशीलानं, शेजारच्या तीन बाया ओट्यावर बसलेल्या असताना, दप्तर खाली न ठेवता म्हटलं, "आई, तुले नाही म्हणत. तुला म्हणतात." बाया कौतुकानं हसल्या. आईही हसली. मग आईनं पदरानं तोंड पुसलं, जणू तोंडाला काही लागलं होतं, आणि म्हणाली, "तुला. तुला भूक लागली असेल." त्या दिवसापासून शेवटपर्यंत आई तिच्याशी 'तुला' म्हणत राहिली. शेवटच्या आजारात, ऑक्सिजनची नळी नाकात असताना, तिनं डोळे उघडून विचारलं होतं, "तुला जेवण मिळालं का?" आणि तासाभरानं दीपा तिला कुशीवर वळवत होती तेव्हा, "हळू वं रांडे, माह्या हाडाचा चुरा करतं काय." सत्यशीला तेव्हा बाहेर औषधांची चिठ्ठी घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं होतं. दोघी आत हसत होत्या. मरणाऱ्या बाईला हसण्यानं ढास लागली होती आणि तरी दोघी हसत होत्या. तिला वाटलं होतं, आजाराच्या खोलीत हे शोभत नाही.

"तू हे बघते आहेस?" मैत्रेयी मागे उभी होती. पाचवीतली मुलगी, केसांच्या दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. सत्यशीलानं घाईनं मोबाईल उलटा ठेवला, आपणच चोरी करताना सापडावं तसा. मग तिला त्याचा राग आला. "तुला कसं माहीत काय आहे ते?" मैत्रेयी सुटलेली वेणी घालायला लागली. "मैत्रेयी." "भुरी आहे. दीपामावशी करते ती." थोड्या वेळानं, "तुला माहीत नव्हतं?" आठ महिन्यांपासून तिला माहीत होतं. प्रत्येक भाग आला की मावशी तिला संघदीपच्या जुन्या फोनवर कळवायची. संघदीप, सत्यशीलाचा नवरा, गडचिरोलीला नोकरीवर. महिन्यातून एकदा येणारा. म्हणजे त्यालाही माहीत होतं. "मावशी म्हणाली आईला नको सांगू, ती तुलाही रागावेल आणि मलाही." मुलीनं हे सांगितलं ते जपून, शुद्ध, एकेक शब्द पुसून. सत्यशीलानं विचारलं, "सगळे भाग पाहिलेस?" "बावीस. काही काही मला कळत नाहीत. ते मावशी म्हणते सोडून दे." "आणि जे कळतात?" मैत्रेयीच्या तोंडाच्या कडा हलल्या, आवरल्या. ते आवरणं सत्यशीलाला आरपार गेलं.

गुरुवारी आणि शुक्रवारी, शाळेतून आल्यावर, तिनं बावीसही भाग पाहिले. वहीत तीन रकाने पाडले. शिव्या, शरीरधर्म, नवरा-बायको. तिसरा रकाना सभेत वाचून दाखवता येणार नव्हता. रेड्याबरोबरच्या रात्रींचं भुरी जे वर्णन करायची ते दहा वर्षांच्या पोरानं ऐकण्यासारखं नव्हतंच, यात वाद करण्यासारखं काही नव्हतं, आणि ती ते निवांतपणे, अक्षर नीट काढून लिहीत होती. पण लिहिता लिहिता ती दर थोड्या वेळानं मागे जाऊन तेच वाक्य पुन्हा लावायची. भुरी वासराला आंघोळ घालताना, "इकडं मर, कानात शेती करतं काय?" म्हणाली, ते तिनं सात वेळा ऐकलं. असं कोणी आपल्या कानांना म्हटलं असतं तर. तिचे कान आईनं कधी घासले होते ते आठवेना. दीपाचे घासताना दिसत होते. दीपा कोकलत होती, आई तिच्या ओल्या पाठीवर चापट मारत होती, साबणाचं पाणी ओट्यावरून वाहत होतं, आणि ती स्वतः सुट्टीवर आलेली, खुर्चीवर पुस्तक घेऊन बसलेली, स्वच्छ, आंघोळ झालेली. तिच्यासाठी आईनं ती खुर्ची शेजारून मागून आणली होती. तिच्यासाठी कपाला बशी असायची. घरातल्या सगळ्यांना गरम भाकरी तव्यावरून हातात पडायची, तिला ताटात मिळायची. वर्षानुवर्षं ती समजत होती की हा मान आहे, आणि दीपा बिचारी मागे राहिली. दीपाला तिनं कपडे दिले, क्लासची फी भरली, सल्ले दिले. आता ती तांब्याला टेकवलेल्या मोबाईलसमोर बसून हिशोब लावल्यासारखी बघत होती, आणि दिसत होतं ते असं की सगळं दीपाला मिळालं होतं. पाहुणचार तेवढा तिच्या वाट्याला आला होता.

एकोणिसावा भाग तिनं शुक्रवारी संध्याकाळी पाहिला. भुरीची मोठी पोरगी शहरातल्या डेअरीतून घरी येते. चष्मा लावलेली, पाठीवरचे केस चोपून बसवलेली, अंगाला फिनाईलचा वास. आदल्या दिवसापासून भुरीची धांदल. ती सगळ्यांना बजावते, "उद्या कोनी तोंड उघडलं तर पाय तोडीन. माह्यी सायबीन येऊन राह्यली." नाल्यात चारदा तोंड धुते. पोरगी आल्यावर कान खाली पाडून म्हणते, "तुला पेंड... पेंड घेणार का आपण?" वासरं खिदळतात. चार दिवस भुरी शिवी देत नाही, ढेकर देत नाही, शेपटीनं माशीसुद्धा हळू मारते. पोरगी जाते. भुरी रस्त्याकडे बघत उभी राहते, बराच वेळ, कार्टूनमध्ये कोणी एवढा वेळ नुसतं उभं राहत नाही. मग चार दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम सोडते, उकिरडा हादरतो, कावळे उडतात आणि मोहल्ला टाळ्या वाजवतो. सत्यशीलानं मोबाईल बंद केला. आपल्यावर बहिणीनं विनोद केला, तो लाखो लोकांनी पाहिला, आपल्या मुलीनं पाहिला, हे तिला लागलं, पण ते वरवर लागलं. खोलवर गेलं ते दुसरंच. आपण गेल्यावर घरात काय व्हायचं ते तिला आज कळलं होतं. बस वळणावर दिसेनाशी झाली की आई सुटायची. तिनं वही ओढली आणि एका दमात अहवाल लिहून काढला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि प्रत्येक वाक्य लिहिताना तिला मजा येत होती.

शनिवारी सभेला साठेक पालक आले. तिनं वाचलं. आवाज स्थिर होता. मालिकेतील भाषा व प्रसंग लक्षात घेता लहान मुलांनी ती पाहणे सर्वथा अयोग्य आहे. लोक माना हलवत होते. मग मागून पायलचे वडील उठले, पूनमसिंग, बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेले. "मॅडम, तुमचं बरोबर आहे. मी घरून काढून टाकलं थे. पन एक सांगू का? पोरगी शाळेत बोलायले भेते. तांड्यावर आमच्या बोलीत दिवसभर चपर चपर करते, इथं आली का बंद. म्हणते, मॅडम हसत नाही पन चूक काढते. बुधवारी पयल्यांदा सगळ्यांसमोर तोंड उघडलं तिनं. घाण बोलली, मान्य आहे. पन उघडलं न." ते बसले. सत्यशीला हातातल्या कागदाकडे बघत राहिली. तेवढ्यात पुढच्या रांगेतली अर्पिताची आई म्हणाली, "उघडू दे नाहीतर झाकू दे, बनवणाऱ्यांवर केस टाकली पाहिजे. अन् त्या बाईवर पयले. कोण आहे ती? बोलणं तर इकडचंच आहे, वणी-राजूरकडचं. नाव काढा तिचं." दोघातिघांनी 'काढा, काढा' म्हटलं. भगवानराव म्हणाले, "नाव काढता येईन. माझा भाचा नागपूरले आहे." दीपाचं नाव सत्यशीलाच्या जिभेवर होतं. नुसतं ओठ उघडायचे होते. लग्न न केलेली, नागपूरला एका खोलीत राहणारी, आठ महिन्यांपासून ज्या कामानं पहिल्यांदाच पोट भरू लागलं त्या कामातून तिला उचलून चिखलात टाकायला दोन अक्षरं पुरली असती. आणि ते नाव सांगणं खोटंही नव्हतं. तिला स्वतःचीच भीती वाटली. तिनं कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "तो आवाज माझ्या आईचा आहे."

"तुमच्या आई तर..." भगवानराव म्हणाले. "हो. चार वर्षं झाली." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मेलेल्या बाईवर केस कशी टाकणार, आणि मॅडमच्या तोंडावर तिच्या आईला घाण कसं म्हणणार. मॅडमचं डोकं फिरलं की काय, असंही एकीच्या चेहऱ्यावर होतं. विषय तिथेच पडला. मोबाईलला कुलूप लावायचं ठरलं, अहवालाच्या प्रती वाटल्या, चहा झाला. बाहेर स्कूटी काढताना सत्यशीलाला हलकं वाटत होतं. बहिणीला वाचवल्याचं ते हलकेपण आहे असं तिनं नाक्यापर्यंत स्वतःला सांगितलं. नाक्याच्या पुढे, कापसाच्या गाड्यांच्या रांगेत थांबलेली असताना, तिला खरं ते दिसलं. तिनं वाचवलं नव्हतं, घेतलं होतं. साठ माणसांसमोर 'माझ्या आईचा' म्हणून आवाजावर हात ठेवला होता आणि त्या वाक्यात दीपा कुठेच नव्हती.

रविवारी सकाळी दीपाचा फोन आला. सभेतलं गावभर झालं होतं; मैत्रेयीनं तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं. "ताई, तू सभेत काय बोलली?"

"तुझं नाव नाही घेतलं."

"थे समजलं मले. उपकार झाले. पन आठ महिने घसा सोलून मी काम करून राह्यली अन् तू एका वाक्यात मायच्या नावावर करून टाकलं? भुरी माह्यी आहे वं. आवाज मायचा आहे, मान्य. पन कुठं थांबायचं, कुठं हसायचं, थे मी शोधलं. रात्र-रात्र आठवत बसली मी तिले."

"आठवायला तुझ्याजवळ होतं," सत्यशीला म्हणाली. तिला हे शांतपणे म्हणायचं होतं, पण आवाज चिरकला. "माझ्याजवळ काय आहे? 'तुला जेवण मिळालं का.' एवढंच आहे. तो एकोणिसावा भाग केलास ना, बरं केलंस. सगळ्यांना कळलं."

दीपा म्हणाली, "थो भाग तुह्यावर हसायले नाही केला. तू गेली का माय दोन दिवस कोनाशी बोलत नव्हती. आमाले वाटे, आता ताईच खरी पोरगी, आमी उकिरड्यावरचे. लय जळत होती मी तुह्यावर. बशी फक्त तुले मिळे."

सत्यशीला ओट्याला टेकून उभी होती. दीपाही जळत होती हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. तिनं वाट पाहिली. बरं वाटलं नाही. बशी देऊन टाकता आली असती तर तिनं याच क्षणी दिली असती, पण त्या बदल्यात जे हवं होतं ते दीपाच्या घशात होतं.

"दीपा, एक मागू?"

"काय?"

"मला एक शिवी दे. तिच्या आवाजात. 'तुले' म्हणून. माझं नाव घेऊन."

दीपानं घसा साफ केला. एकदा सुरुवात केली, "काहून वं सत्ये..." आणि थांबली. पुन्हा घसा साफ केला. "नाही येत, ताई."

"एक. लहानशी."

"नाही वं. मी बनवत नाही काही. मायनं जे तोंडातून काढलं थेच काढते मी. तुह्यं नाव घेऊन तिनं कधी शिवी दिलीच नाही. तू नसतानाही नाही. कुठून आणू?" दीपाच्या आवाजात आता आई नव्हती, कोणीच नव्हतं, थकलेली तिशीतली बाई होती. "ठेवू मी? स्टुडिओत जायचं आहे."

फोन ठेवल्यावर सत्यशीला तशीच उभी राहिली. कुकरची शिटी झाली, तिनं गॅस बारीक केला. आतल्या खोलीत मैत्रेयी हसली, पोटातून, बेसावध, घरात असं कोणी हसत नाही असं. मग ते हसणं मध्येच तुटलं. दार हलकेच लोटल्याचा आवाज आला, कडी न वाजवता, आणि त्यामागून पुन्हा हसणं, आता उशीत दाबलेलं.

सत्यशीला दारापर्यंत गेली. हात लावला नाही. "मैत्रेयी, काय करून राह्यली वं?" तिनं विचारलं. शब्द तिच्या तोंडात परक्याच्या दातांसारखे बसले.

आत एकदम शांत झालं. मग मुलीचा आवाज आला, स्वच्छ, सावध, शुद्ध.

"काही नाही आई. अभ्यास करते आहे."